बुडीतातली गाडी

९ नोव्हें., रविवार

पडेगावला जब्बारभाईच्या शेडवर गेलो. जुन्या गाड्या विकतो तो. पुढं ओळीनं सगळ्या पांढऱ्या. मागं पेरूच्या झाडाखाली एकटी ही. लहानशी, आभाळी रंगाची, टपावर पानं पडलेली. लांबून वाटलं, कुणी आभाळ घडी घालून सावलीत ठेवलंय.

जब्बारभाई स्वतःहूनच म्हणाला, "उस्ताद, झूट कायकू बोलूं? पानी पिली है ये. टोटल लॉस."

सरळ बोलला ते आवडलं. कुठल्याशा शहरात सोसायटीच्या तळघरात उभी होती. पाणी शिरलं. विमा कंपनीनं मालकाला पैसे देऊन टाकले, गाडी लिलावात काढली, तिथून ह्याच्याकडं. आरसीवर यातला शब्द नाही. कागद कोरे करकरीत.

एका सेल्फमध्ये चालू झाली. आवाज एकसारखा. पण नुसत्या आवाजावर भुलणारा मी नव्हे.

घेतो म्हणालो नाही. नको म्हणालो नाही.

१० नोव्हें.

दिवसभर डोक्यात तीच. छावणीतल्या ह्या दुकानात आयुष्य गेलं ते बुडालेल्या मोटरी जिवंत करण्यात. विहिरीतली मोटर येते, उकलायची, भट्टीत वाळवायची, वार्निश पाजायचं, मेगरचं मीटर लावून विजेची गळती बघायची, मगच गिऱ्हाइकाच्या हातात. कुणाच्या हाताखाली शिकलो नाही. रद्दीतून आणलेली पुस्तकं आणि स्वतः जाळलेल्या मोटरी, एवढेच माझे गुरू. पाण्याचं नाव काढलं की लोक मागं सरकतात. मी पुढं सरकतो. माज म्हणा.

दुपारी भट्टीशेजारी डोळे मिटले तर ते तळघर दिसलं. पाणी जिन्यावरून पायरी पायरी उतरतंय, चप्पल काढून आल्यासारखं. गाड्या एकेक करून जागच्या हलतात, गोठ्यातली गुरं उठावीत तशा. मग आभाळी गाडीचे दिवे आपोआप लागले. पाण्याखाली पिवळा उजेड, त्यात गाळ तरंगतोय सोन्याच्या भुशासारखा. वायरी भिजल्या की असे दिवे लागतात कधी कधी. स्वप्नातसुद्धा चूक नव्हती.

१२ नोव्हें.

सौ.ला सांगितलं. तिच्यासाठीच तर चाललंय हे सगळं. मणक्याचं दुखणं निघाल्यापासून डॉक्टरनं स्कूटर बंद केली. रिक्षाचे गचके त्याहून वाईट. बाई घरातच. गॅलरीत बसून रस्ता बघते. माहेर धरणाकाठी, पैठणच्या अलीकडं, तिथंही गेली नाही तेव्हापासून.

"कसली गाडी?"

"चांगली आहे. फक्त कंपनीनं बुडीत धरलीय."

शेंगा सोलत होती. हात थांबले. "बुडीतातली व्हय?"

तेव्हा कळलं काय झालं ते. मी बोललो हिशेबातलं बुडीत. तिनं ऐकलं माहेरचं. धरण झालं तेव्हा त्यांचं जुनं गाव पाण्यात गेलं, माणसं वर माळावर आणून बसवली. सौ. जन्मली ती माळावर. पण तिच्याकडं कुठले म्हणून विचारा, नव्या गावाचं नाव कुणी सांगत नाही. "आम्ही बुडीतातले," म्हणतात. पत्ता सांगावा तसं.

दुरुस्त करायला गेलो. "अगं तसं नव्हे, इथं बुडीत म्हणजे..."

"मला शिकवता व्हय तुम्ही बुडीत?"

पण शेंगा सोलता सोलता कुठं तरी हसत होती.

१३ नोव्हें., गुरुवार

पुण्याहून मंजूचा फोन. लेकीला आईनं कळवलं असणार. "बाबा, लोक गाडी घेतात फिरायला. तुम्ही घेताय उकलायला."

म्हटलं, दोन्ही करीन.

"आईला बसवणार ना त्यात? मग तुमची हौस बाजूला ठेवा."

वर्मी लागलं. बाजाराचा दिवस, रस्त्यावर ही गर्दी, आणि मी दुकानात स्क्रू ड्रायव्हर धरून नुसता उभा.

१६ नोव्हें., रविवार

आज नीट तपासली. टॉर्च, आरसा, पान्हा घेऊन गेलो. जब्बारभाईनं खुर्ची टाकून दिली, "बैठ के देखो." मी गाडीखाली झोपलो.

ड्रायव्हरचा पट्टा पूर्ण ओढून पाहिला. सगळे लोक हात दोन हात ओढतात, शेवटपर्यंत कुणी ओढत नाही. शेवटाला फिकट तपकिरी रेघ. म्हणजे पाणी सीटच्या वर आलं होतं, डॅशबोर्डाच्या खाली थांबलं. सीटच्या रुळांना गंज, वर रंग मारलेला. स्टेपनीच्या खड्ड्यात कोपऱ्यात गाळ, नखानं काढला. मऊ. पिठासारखा. इंजिनात पाणी गेल्याची खूण नाही. बुडालेली असताना कुणी स्टार्टर मारला नसावा, नशीब.

जब्बारभाई म्हणाला, "सूँघ के देखो, बास बिल्कुल नहीं."

मी आत डोकं घातलं. दीर्घ श्वास घेतला. पटल्यासारखी मान हलवली.

नाटक.

१७ नोव्हें.

इथं तरी लिहितो. मागं एकदा मोठा ताप आला, तेव्हापासून मला वास येत नाही. कसलाच. परत येईल म्हणून थांबलो, आला नाही. जळालेलं वाइंडिंग मी पूर्वी दुकानाच्या दारातूनच ओळखायचो. आता तांब्याचा रंग बघतो, मेगर लावतो, आणि गिऱ्हाईक समोर असेल तर नाक जवळ नेतो. सवयीनं नव्हे. दाखवायला.

बुडालेल्या गाडीची पहिली परीक्षा नाकानं. बाकी सगळं मी करीन, त्यात माझा कुणी हात धरणार नाही. एवढं एक सोडून.

कुणाला विचारू.

२० नोव्हें.

विम्याचं काम करणारा ओळखीचा, त्याला विचारलं. थर्ड पार्टी मिळेल म्हणाला, गाडीचा स्वतःचा विमा विसरा, मागचा क्लेम दिसतो त्यांना. म्हणजे आरसीला माहीत नाही, कंपनीला माहीत आहे.

उद्या मी विकली तर सांगावं लागेल. मी सांगीन. जब्बारभाईनं मला सांगितलं तसंच, पहिल्या वाक्यात.

येताना दौलताबादच्या बाजूला धुकं उतरलेलं, नोव्हेंबरात क्वचित दिसतं. किल्ला अर्धा होता, अर्धा नव्हता. वाटलं, ही गाडी घेऊन त्या अर्ध्या नसलेल्या बाजूनं खुलताबादच्या घाटात शिरावं. सौ. शेजारी. काच खाली. काही बोलू नये.

२३ नोव्हें., रविवार

आज डाव सापडला. चावी फिरवली की एअरबॅगचा दिवा लागतो आणि विझतो, ठीक. पण बॅटरीच्या दिव्याबरोबर विझतो. बरोब्बर त्याच क्षणी. पुन्हा पुन्हा चावी फिरवून पाहिलं. दोन स्वतंत्र दिवे असे जोडीनं विझत नाहीत. कुणी तरी एकाची वायर दुसऱ्याला जोडलीय. एअरबॅग मेलेली आहे आणि दिवा खोटं बोलतोय.

जब्बारभाईला दाखवलं. त्याचा चेहरा पडला. "माँ कसम उस्ताद, ये मेरेकू मालूम नहीं था. लिलाव के पहले किसीने किया." मग माझ्याकडं बघत, "तुम कौनसे कॉलेज में पढ़े?"

"कुठल्याच नाही."

खोटं कशाला, ते उत्तर देताना छाती फुगली. पण घरी येईपर्यंत हवा गेली. एअरबॅग नसलेल्या गाडीत तिला बसवायचं?

संध्याकाळी तिला सगळं सांगितलं. तर म्हणते, "स्कूटरला कुठं व्हती फुग्याची पिशवी? पंचवीस वर्षं बसले की मागं."

 

२६ नोव्हें.

जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, गाडी दारात आणली तर आत बसून बघशील का, वास वगैरे.

ताटातून वर न बघता म्हणाली, "तुम्हाला येत नाय वास. मला ठाऊकाय."

घास तसाच.

"दिवाळीत करंज्या करपल्या, शेजारची पळत आली. तुम्ही कढईच्या बाजूला बसून पेपर वाचत व्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणलं कधी तरी." आणि मग, "लई दिवस वाट बघायला लावली, बघा."

वरण घातलं वाटीत, आणि विषय संपला. तिच्या बाजूनं. मी नंतर गॅलरीत तिच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तिथून काय दिसतं ते पाहिलं. रस्ता, विजेचा खांब, एक बंद टपरी. एवढंच.

३० नोव्हें., रविवार

जब्बारभाई स्वतः गाडी घेऊन आला. चावी माझ्या हातात ठेवली. "हफ्ताभर रखो. अगले इतवार को आता मैं. बयाणा दो नहीं तो चावी दो. पन फिर रुकूँगा नहीं, दुसरा गिऱ्हाईक है."

सौ. जिना उतरली, कठडा धरून, थांबत थांबत. मी पट्ट्याची रेघ दाखवत होतो, रुळाचा गंज. ऐकत नव्हती. बसली. पाठ टेकली. दार ओढून घेतलं. काच वर केली.

मी बाहेर उभा. काचेत माझंच तोंड, त्यामागं ती, पाण्याखाली असल्यासारखी.

बराच वेळ झाला तसं मी दार उघडलं. "काय झालं? वास येतोय? कुबट?"

"गाळाचा."

"म्हणजे खराब."

"नाय हो. गाळपेराचा." तिचे डोळे मिटलेलेच होते. धरणाचं पाणी उतरलं की त्यांची माणसं जुन्या गावाच्या जमिनीवर जायची, ओल्या गाळात टरबूज, काकडी लावायची. ही लहान. बाप खांद्यावरून न्यायचा आणि पायानं जमीन दाबत सांगायचा, हा आपला ओटा, ही चावडी, इथं तुझी आज्जी दळायची. काही दिसायचं नाही. नुसता गाळ, आणि त्याला फुटलेल्या भेगा. "आन् हाच वास. हाच. मी म्हणायची, बा, घर कुठंय? तर म्हणायचा, वास घे की."

मी सीटवर हात ठेवला. कोरडी लागली. मला काहीच कळत नव्हतं.

"घ्या," म्हणाली. "मी बसते हिच्यात."

२ डिसें.

आता खरी पंचाईत. ही गाडी घ्यायची तर एकाच पद्धतीनं घेता येईल. सीटा काढायच्या, गालिचा, खालचा फोम फाडून फेकायचा, पत्रा घासून रंगवायचा, वायरीचा जुडगा सोडवून एकेक जोड पुसायचा, एअरबॅगचा डबा नवा. मग उन्हात आठवडाभर उघडी. तसं केलं तर ती पुढं नीट चालेल, माझी जबाबदारी. पण तसं केलं की गाळ गेला. गाळ गेला की तिचा वास गेला.

न करता चालवली तर गाळ ओल धरून ठेवतो, आतून खातो. आज ना उद्या रस्त्यात बंद पडेल, कदाचित घाटात, आणि शेजारी ती.

एवढ्या मोटरी वाळवल्या. आतलं पाणी कुणाला हवं असेल असं कधी मनात आलं नाही.

४ डिसें.

मंजूला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईला धरणावरच घेऊन जा ना सरळ. दुसरी चांगली गाडी भाड्यानं करून."

शहाणी आहे. सौ.ला विचारलं. मान हलवली. "आत्ता पाणी भरलेलंय. आत्ता काय दिसतंय तिथं. आन् आपल्या नसलेल्या गाडीतून कुणाकडं जायचं?"

ती आता रोज सकाळी खाली उतरते. स्वतःहून. चहाचा कप घेऊन आभाळी गाडीत बसते. शेजारच्या बाया काचेवर टकटक करतात, "कुठं निघाल्या वैनी?" ही आतून, "माहेरी." आणि हसते. जिना उतरताना कठडा आता एकाच हातानं धरते, हे मी पाहिलं.

मी दुकानाला उशिरा जातोय.

७ डिसें., रविवार

सकाळी पान्हा घेऊन खाली गेलो. ठरवलं होतं, ड्रायव्हरची सीट तरी काढून खाली काय आहे ते डोळ्यांनी बघू, मग हो की नाही. ती तिच्या जागेवर बसलेली. पहिल्या बोल्टला पान्हा लावला. गंजून घट्ट धरलेला. जोर लावणार तेवढ्यात म्हणाली, "थांबा जरा."

"नुसतं बघतो."

"बघा ना. पन उद्या. आज बसा इथं."

पान्हा फरशीवर ठेवला. बसलो. तिनं हात पुढं करून माझ्या बाजूचीही काच वर करायला लावली. आत गरम झालं. सकाळचं ऊन डॅशबोर्डावर, धुळीचे कण सावकाश तरंगत होते. श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला.

"कसा आहे?" विचारलं. "सांग मला. नीट, एकेक."

"पहिल्यांदा ओला," म्हणाली. "मातीच्या माठासारखा. त्याच्याखाली जरा कुजका, पानं कुजल्यासारखा. आन् त्याच्याबी खाली..."

शोधत होती ती. मी ऐकत होतो, जसा मोटरीचा आवाज ऐकतो तसा, चुकायला नको म्हणून.

तेवढ्यात जब्बारभाई आला. गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावली आणि तिथूनच हाक, "क्या करना, उस्ताद? बयाणा या चावी?"

मी काचेतून हात वर केला. थांब म्हणून, की हो म्हणून, त्याला कळलं नाही. मलाही नाही. ती अजून बोलत होती.