नंदी व्हय म्हनला

आई,

पारनेरच्या बाजारात काढलेला तुझा तो फोटो काल नगरच्या स्टुडिओतून मोठा करून आणला. झूल पांघरलेला नंदीबैल, गुबुगुबू वाजवणारा त्याचा मालक आणि समोर डोक्यावरून पदर घेतलेली तू. सातवीनंतर मला पारनेरच्या हायस्कुलात घालायचं म्हटल्यावर, लेकीला कशाला एवढी शाळा म्हणून दादा अडून बसले होते. शेवटी म्हणाले, "नंदीला इचार. त्यो म्हनंल तसं करू." मान वरखाली हलली तर होकार, आडवी हलली तर नकार. बाजारात दादा विकायच्या कांद्यापाशी बसले, तू एकटीच गेलीस आणि परत येऊन म्हणालीस, "व्हय म्हनला." मी शाळेत गेले. आठवीत गणितात नापास झाले तेव्हा शाळा नको म्हणून चुलीपाशी रडत बसले. तू भाकरी थापतेयस, मान वर करत नाहीस. "नंदी व्हय म्हनलाय. त्याला खोटं पाडती व्हय गं? ऊठ, दप्तर घे." नंदीला खोटं पाडायची माझी काय छाती! मुकाट्यानं उठले.

आज नागापूरच्या कारखान्यात मी सुट्या भागांवरचे बारीक ओरखडे शोधते. बाईंच्या नजरेतून काही सुटत नाही, असं साहेबसुद्धा म्हणतात. आणि घरच्या भिंतीवरचा फोटो इतकी वर्षं नुसता पुसत राहिले! काल नीट पाहिला. तुझा चेहरा, पदराची किनार, सगळं लख्ख आहे. फक्त मान हलल्यानं नंदीची शिंगं पुसट झालीत, आणि तीही आडवी. तो नाही म्हणतोय, आई. आणि तू त्याच्याकडे बघतेयस, बाजारात भाव न पटल्यावर बघायचीस तशी. दादा दर पोळ्याला या फोटोला हळदकुंकू वाहायचे. त्यांना कधीच दिसलं नसेल का? आता विचारायला तेही नाहीत. मला आधी हसू आलं, मग रडू. होकार तुझा होता.

तुझ्या नातीला पुण्याला प्रवेश मिळालाय. आपल्याला झेपणार नाही म्हणून घाबरलीय, आणि व्हय म्हणणारा नंदी तिला सोबत हवाय. खरं सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिला पाकिटात मावेल एवढी छोटी प्रत दिली, तीत शिंगांचं काही कळत नाही. मोठा फोटो कपाटात आहे, हा कागदही त्याच्यामागेच ठेवतेय. पहिलं वर्ष पास होऊन आली की दोन्ही तिच्या हातात देईन. आज जाताना तिनं एकदा विचारलंच, "आई, नक्की हो म्हणाला होता ना गं?"

मी डबा भरत होते. मान वर न करता म्हणाले, "व्हय म्हनला."