नातीच्या नडगीवरची अट काढून टाकण्याबाबत

मी, शेवटी सही करणारी, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पेशाने ऑस्टिओपॅथ, म्हणजे औषध-सुईशिवाय नुसत्या हातांनी सांधे, स्नायू आणि मणके मोकळे करणारी, मैदानावर 'मणकेबाई' या नावाने ओळखली जाणारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. पाठ नाही, पण मृत्युपत्रात पाठीला कोणी विचारत नाही. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. आणायचा असेल तर आणून बघावा.

१. गेल्या महिन्यात केलेले माझे मृत्युपत्र या लेखाने रद्द होत आहे. त्यात मी राहते घर माझ्या नातीला, भिंगरीला, ठेवले होते. पण तिच्या नडगीचे स्कॅन होऊन हाड ठीक असल्याचे कळेपर्यंत ती शर्यत धावली नाही तरच. निवड शर्यत उद्या आहे. तिचा बाप, म्हणजे माझा एकुलता एक मुलगा, तिचा प्रशिक्षकही आहे, आणि तिने धावलेच पाहिजे हे त्याचे म्हणणे. अट का घातली आणि का काढते, ते पुढे येईल. आधी बाकीचे उरकते.

२. उपचारखोलीतले उंची कमी-जास्त होणारे टेबल, सगळ्या उशा आणि खोलीचा भाडेकरार माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईला द्यावा. ती पूर्वी हॉकीत गोल राखायची, त्यामुळे कोणाला कुठे अडवायचे हे तिला शिकवावे लागत नाही. तिला एवढेच सांगणे आहे: घोटा मुरगळून आलेल्याचे हाड आणि सूज बघून झाली की घोट्यालाच चिकटून बसू नकोस. त्याला चालायला लाव, कंबर बघ, दुसरा पाय बघ. खांदा दुखतो म्हणून येणाऱ्या कितीतरी बॅडमिंटनवाल्यांची पाठच ताठ असते आणि बिचारा खांदा तिच्या वाटचे काम करून दमलेला असतो. घराघरात हेच चालते. बसून राहतो एक, राबतो दुसरा. आणि 'कट' आवाज आला म्हणजेच पैसे वसूल, असे समजणाऱ्यांना बोटे मोडून दाखव आणि घरी पाठव.

३. कोपऱ्यातला प्लास्टिकचा हाडांचा सापळा माझ्या धाकट्या बहिणीला द्यावा. त्याचे नाव 'भावजी' तिनेच ठेवले आहे, कारण तोही काही न बोलता उभा असतो. माझे यजमान हे ऐकून हसले होते, आणि तेही न बोलता.

४. रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांना काहीही देत नाही. ते या लेखाचे साक्षीदार आहेत आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही, असे वकील सांगतात. नाहीतर माफी ठेवणार होते. सुरुवातीला हे गृहस्थ मला चारचौघांत 'मालीशवाली' म्हणायचे. मीही काही कमी नव्हते, त्यांना 'सुतार' म्हणायची. मग एकदा फुटबॉल खेळणारा एक मुलगा पाठ धरून आला. त्याच्या पायाला मुंग्या येत होत्या आणि पाऊल उचलत नव्हते. मी टेबलावर न घेता त्याला तडक डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी शस्त्रक्रिया केली आणि पुन्हा वाकायला-वळायला शिकवायला त्याला माझ्याकडे धाडले. तेव्हापासून आमचा चहा सुरू झाला. माझे हात म्हणजे क्ष-किरण नव्हेत, हे मला पहिल्यापासून कबूल होते. त्यांना मात्र माझ्याकडे हात आहेत हे कबूल करायला वेळ लागला. असो. माफी मृत्युपत्रातून देता येत नसेल तर जिवंतपणीच देते. मिळाली म्हणून समजा, डॉक्टर.

५. क्रीडासंकुलाच्या सचिवांना गार फवाऱ्याची रिकामी बाटली द्यावी. पडलेल्या पोरांवर ती फुसफुसवून 'काही नाही झालं, चल पळ' म्हणण्यात त्यांचा जन्म गेला. त्यांना कधी लागलेच तर हीच मारावी. रिकामी असली तरी गुण तेवढाच येतो.

६. बँकेतली निम्मी शिल्लक मुलाला. उरलेली उपचारखोलीला, ज्या खेळाडूंच्या पाठीशी ना क्लब ना घरचे, त्यांच्यासाठी.

७. मुलाचे स्वतःचे घर आहे, म्हणून त्याला घर देत नाही. त्याचा माझ्यावर जुना राग आहे, तोही इथे मांडते. तो एकोणिसाव्या वर्षी गुडघ्यातला बंध दुखावलेला असताना निवड शर्यत धावायला निघाला होता. हा धावणार नाही, असे मी संघाला कळवले. त्याच्या जागी निवडलेला मुलगा पुढे देशासाठी धावला. माझा मुलगा आज दोन-दोन पायऱ्या एकदम चढतो आणि चढता चढता मला ऐकवतो, "तू मला बसवलंस, आई." मला पश्चात्ताप नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बसवीन. पण त्याचे दुःख खोटे आहे, असे मी कधीच म्हटले नाही. आपल्याला मिळाले नाही ते पोरीला मिळावे, एवढेच त्या वेड्याच्या मनात आहे.

८. भिंगरी आठशे मीटर धावते. मध्यंतरी ती पोटऱ्या मोकळ्या करून घ्यायला आली. पोटऱ्या चांगल्या होत्या. नडगीवरून बोट फिरवले तेव्हा एका जागी तिने श्वास रोखला. स्नायूचे दुखणे बहुधा पसरट असते; हे बोटाच्या टोकाएवढे होते. अशा जागी मी दाबत नाही. डॉक्टरांकडे पाठवले. क्ष-किरणात काही दिसले नाही. हाडाची बारीक चीर सुरुवातीला अशीच लपून बसते, मोठे स्कॅन करा आणि तोवर धावणे बंद, असे डॉक्टरांनी स्वच्छ सांगितले. मुलगा म्हणाला, "फोटोत नाही म्हणजे नाही. स्कॅन शर्यतीनंतर." चीर असली तर धावता धावता हाड मोडू शकते. माझी झोप उडाली. म्हणून ती अट.

अट भिंगरीला मीच सांगितली, मोठ्या तोऱ्यात. ती म्हणाली, "बाबा म्हणतात पळ. तू म्हणतेस पळू नकोस, घर देते. आजी, पाय माझा आहे ना? मग मला कुणीच कसं विचारत नाही?" जन्मभर परक्यांना 'कुठे दुखतं, कसं दुखतं' विचारून पोट भरले, आणि आपल्या पोरीपुढे घर ठेवून मोकळी झाले.

तर राहते घर, वरच्या खोलीसह, भिंगरीला. उद्या धावली तरी, न धावली तरी. हाड मोडले तरी. आणि तेव्हा तिला 'तरी सांगत होतो' असे कोणीही म्हणायचे नाही.

९. इथवर लिहून झाले तोच बापलेक आत आले. मुलगा संतापलेला. "घर दाखवून माझ्या मुलीला फितवतेस, आई?" मी आठवे कलम त्याच्यापुढे सरकवले. त्याने ते उभ्यानेच वाचले. मग स्टुलावर बसला. भिंगरी टेबलावर बसून बूट काढत होती.

"कुठे?" त्याने विचारले.

तिने त्याचा अंगठा धरून नेमक्या जागी ठेवला. त्याने दाबले नाही.

"बोलली का नाहीस?"

"तुम्हाला आजीने बसवलं होतं ना," ती म्हणाली. "मी बसले असते तर तुम्ही दुसऱ्यांदा बसला असतात."

माझा मुलगा तिचे पाऊल मांडीवर घेऊन रडला. मीही रडले, लपवत नाही. मग तो म्हणाला, "उद्या तुझं नाव काढून घेतो."

"मी काढेन. तुम्ही नुसते बरोबर या."

साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी इथूनच फोन करून स्कॅनची वेळ घेतली. वकील म्हणतात, नवव्या कलमात मालमत्ता कुठलीच नाही, खोडून टाकू. मी म्हटले, ठेवा. माझ्यामागे या दोघांचे कधी वाजले तर घराचे कागद काढू नयेत, हे वाचावे.

लिहिणारीची सही: (मणकेबाई)

आमच्या देखत, शुद्धीवर असताना आणि डोळे पुसून झाल्यावर सही केली:
साक्षीदार १: हाडांचे डॉक्टर
साक्षीदार २: मैदानाला पाणी मारणारे काका

स्थळ: उपचारखोली, क्रीडासंकुलाच्या मागच्या दाराशी
दिनांक: निवड शर्यतीचा आदला दिवस, दुपार