झाकलेलं ताट

अंबड,
६ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
अर्पिताचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मी बाबांना दहा वाक्यं सांगितली की ते तुम्हाला एकच सांगतात. म्हणून शेवटी वहीची पानं फाडली. हरिओमकाका वकिलांच्या कामाने सोमवारी आणि गुरुवारी इकडे येतात, त्यांच्याच हाती हे देते आहे. अक्षराला हसू नका.

आत्याआजीला या हॉस्पिटलात येऊन तीन आठवडे झाले. लकव्याने गेलेली उजवी बाजू तशीच आहे, वाचाही परतलेली नाही, पण ओळख पक्की आहे. काल तिने भुवया उडवून मला काहीतरी विचारलं. वडीगोद्रीच्या घराला कुलूप नीट लावलं का, हे विचारते आहे हे कळायला मला पाव तास लागला.

मला एक कोडं पडलंय. आली तेव्हा तिचं वजन सत्तेचाळीस किलो होतं, परवा बेचाळीस भरलं. फाईलमध्ये मात्र रोज दोन्ही वेळेला ‘पूर्ण जेवण घेतले’ असं लिहिलेलं आहे. डॉक्टर म्हणाले की गिळायला काही अडचण नाही, पण या वयात जगायची इच्छाच जाते आणि अन्न अंगी लागत नाही. दोन आठवडे बघू, नाहीतर नाकातून नळी घालू, आणि घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी. बाबांनी ती लगेच ठेवली, याचा मला राग आला. दोन वर्षं मी तिच्याकडे राहून कॉलेज केलं, तिने एक दिवस मला उपाशी घराबाहेर पडू दिलं नाही. मला एवढंच सांगा, रोज दोन ताटं जेवणाऱ्या माणसाचं अन्न जातं कुठे?

ऑपरेशनचा गुडघा घेऊन माळवदावर चढू नका. माया आहे तशी राहू द्या.

तुमची
अर्पिता

वाटूर,
८ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,
आजोबांचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. अक्षर कोंबडीच्या पायाचं आहे, पण प्रश्न चांगला विचारलास, म्हणून पास केलं.

तेहतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवलं आणि पोरांना एकच गोष्ट परत परत सांगितली, की पाहिलेलं वेगळं आणि वाटलेलं वेगळं. जगायची इच्छा गेली, हे डॉक्टरांना वाटलेलं आहे. पूर्ण जेवण घेतले, हे कुणीतरी लिहिलेलं आहे. तुझ्या सगळ्या पत्रात पाहिलेलं असं फक्त वजन आहे. तू स्वतः पाच ते सहा भेटायला जातेस, म्हणजे तिला जेवताना तूही एकदा पाहिलेलं नाहीस.

तर आता बघून ये. ताट किती वाजता येतं, कॉटच्या कोणत्या अंगाला ठेवतात, झाकण कोण काढतं? उचलून कोण नेतं, आणि नेताना त्यात काय असतं? फाईलमध्ये कोण लिहितं, आणि केव्हा? कुणावर आळ घेऊ नकोस, भांडूही नकोस. नुसती बघ.

अक्का माझ्याहून पाच वर्षांनी मोठी. आई शेतात गेली की तीच मला भरवायची. ती उपाशी आहे का, एवढं मला आधी कळू दे. प्रवास बंद नसता तर मीच आलो असतो. माळवदावर चढलेलो नाही. एकदाच चढलो होतो.

आशीर्वाद आहेतच, उत्तराची वाट मात्र बघायला लावू नकोस.

तुझा
आजोबा

अंबड,
१३ जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

बघितलं. धुतलेली लुगडी द्यायच्या निमित्ताने तीन दिवस दुपारी गेले.

ताट बाराला येतं. ते आत्याआजीच्या उजव्या अंगाच्या स्टुलावर ठेवतात, म्हणजे गेलेल्या बाजूला. वर झाकण. ठेवणारी बाई पुढच्या कॉटकडे जाते, तिच्या वाट्याला तीस कॉट आहेत. साडेबाराला ती परत येते आणि ताट उचलते, झाकण न काढता. मी दारात थांबून झाकण उघडायला लावलं. दोन पोळ्या, वरण, भात, सगळं जसंच्या तसं होतं. सकाळ-संध्याकाळ दूध पाजतात, त्यावरच ती तगली आहे.

शेजारच्या कॉटवर नूरबी म्हणून आजी आहेत. पाय मोडलाय आणि डोळ्यांनी दिसत नाही. त्या म्हणाल्या की ताट बराबर बाराला येतंय आन् बराबर साडेबाराला जातंय, पन तुमच्या म्हातारीकडून घासाचा आवाजच येऊन न्हाई राह्यला. त्यांचंही ताट कधी कधी तसंच जातं, कारण ते आल्याचं त्यांना कुणी सांगत नाही.

फाईल गजाला सिस्टर लिहितात, तीही साडेअकराला, ताट यायच्या आधी. नंतर डॉक्टरांचा राउंड असतो आणि वेळ मिळत नाही, असं त्यांनी खाली बघत कबूल केलं. त्या वाईट नाहीत, आजोबा. पण माझं डोकं तापलं, खोटं कशाला सांगू.

मला वाटलं कोडं सुटलं. शुक्रवारी सिस्टरांना विचारून ताट डाव्या बाजूला घेतलं, झाकण काढलं. डावा हात तिचा चांगला चालतो, पांघरूण ओढते, माझे केस सारखे करते. तरी जेवली नाही. ताटाकडे बघत राहिली, मग डावा हात पदराखाली घेतला आणि दाराकडे बघू लागली. मी भरवलं तर चार घास घेतले आणि डोळे भरून आले, मग तोंड मिटलं. नूरबी म्हणाल्या की मागं एकदा बाईनं ताट हातात देल्तं, तवाबी हिनं खाल्लं न्हवतं.

दाराकडे का बघते? कुणाची वाट बघते, की कुणाला भिते? आणि एक, तुम्ही बारीकसारीक लिही म्हणता म्हणून. तिच्या डाव्या तळहातावर अंगठ्याच्या बुडाशी गोल डाग आहे. चुलीवर भाजलं, असं ती सांगायची. पण तळहात चुलीवर असा भाजतो कसा, हे माझ्या डोक्यात येत नाही.

लवकर लिहा, आणि लोभ उणा करू नका.

तुमची
अर्पिता

वाटूर,
१५ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,
अ. उ. आ.

इतकं नीट बघितलंस की मला पळायला जागा उरली नाही. ते का, हे सोबतच्या पत्रात आहे. ते अक्काला तिच्या उशाशी बसून मोठ्याने वाचून दाखव, आसपास कुणी असलं तरी चालेल.

त्याआधी एक काम कर. जे पाहिलंस तेवढंच तारखेसकट लिहून मोठ्या डॉक्टरांना दे. दोन प्रती कर आणि एकीवर पोच घे. गजालाबाईंची शिक्षा मागू नकोस. जेवताना माणूस जवळ असावं आणि ताट उचलल्यावरच फाईल लिहावी, एवढं माग. नूरबींचंही नाव घाल, त्यांची परवानगी असेल तर. तुला कोण लागतेस म्हणून विचारतील, तेव्हा नात म्हण आणि बसून राहा.

तुझा
आजोबा

ती. अक्कास,
धाकट्या काक्याचा सा. न. वि. वि.

काल संक्रांत झाली, तुझा डबा यंदा आला नाही.

अक्का, तू जन्माची डावखुरी. मला भरवायचीस तेही त्याच हाताने. वडील घरी असले की तुझा डावा हात पाठीशी दाव्याने बांधून तुला ताटावर बसवायचे. एकदा ते अंगणात होते आणि तू विसरून त्या हाताने घास उचललास, तर त्यांनी आत येऊन तापलेली पळी तळहातावर टेकवली. तू अकरा वर्षांची होतीस. आपल्या घरात कुणी त्याला छळ म्हटलं नाही, सगळे वळण म्हणाले.

अंगणातून त्यांना कसं दिसलं, हे तुला आजवर कोडं असेल. त्यांना दिसलं नव्हतं. मी जाऊन सांगितलं. चुगली केली की मला गुळाचा खडा मिळायचा. त्या दिवशीही मिळाला आणि मी तो खाल्ला.

पुढे शाळेत मी एकाही डावखुऱ्या पोराचा हात कुणाला बदलू दिला नाही. पण तुझ्यापुढे एकोणसत्तर वर्षांत तोंड उघडलं नाही. मला लाज वाटते, अक्का.

आता दारातून कुणी यायचं नाही. वडील जाऊन चाळीस वर्षं झाली आणि चुगली करणारा इथे खाटेवर पडलाय. डाव्या हाताने जेव. मला माफ कर, आणि करवत नसेल तरी जेव. सोबत गुळाचा खडा पाठवतो आहे. तो तुझा होता.

पाठीवर हात असू दे.

तुझा
काक्या

अंबड,
२० जानेवारी २०२५

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

अर्ज गुरुवारीच दिला. नूरबींनी आपण होऊन अंगठा उठवला आणि सांगितलं की जे हाय ते बिलकुल खरं लिहा. मोठ्या डॉक्टरांनी आधी मी कोण लागते ते विचारलं. मी नात म्हटलं आणि बसून राहिले. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, मग स्वतः वॉर्डात येऊन झाकण काढून बघितलं. मी पेशंट बघायच्या ऐवजी फाईल बघत होतो, असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. आता जेवताना घरचं माणूस बसतं, ज्यांचं कुणी नाही त्यांच्याजवळ एक बाई बसते, आणि नूरबींना ताटात कुठे काय आहे ते सांगितलं जातं. त्या दिवशी गजाला सिस्टरांनी ‘जेवण तसेच परत’ असं स्वतःच्या हाताने लिहिलं. ते लिहिताना त्या रडल्या, तेव्हा माझा राग गेला.

तुमचं पत्र शुक्रवारी दुपारी वाचून दाखवलं. दाव्याचं आलं तेव्हा तिने डोळे मिटले. पळीचं मला वाचवेना, तर तिने माझा हात दाबला, पुढे वाच म्हणून. तुम्ही सांगितलंत हे ऐकून ती हसली, आजोबा. अर्ध्याच तोंडाने, पण हसली. मला वाटतं तिला ते आधीपासून ठाऊक होतं. हे मी पाहिलेलं नाही, वाटलेलं आहे.

मग ती बराच वेळ दाराकडे बघत राहिली. ताट तिच्या डाव्या अंगाला होतं, माझा डबा उघडून मी समोर बसले आणि डाव्या हाताने जेवू लागले. भात सगळा मांडीवर सांडला. ते बघून तिने पदराखालून हात काढला, पोळीचा तुकडा मोडला, वरणात बुडवला आणि इतक्या सफाईने तोंडात घातला की ही बाई सत्तर वर्षं त्या हाताने जेवलेली नाही, हे कुणाला खरं वाटू नये. दीड पोळी खाल्ली. काल वजन केलं, बेचाळीसच आहे, पण खाली गेलं नाही. नळीचं नाव आता कुणी काढत नाही.

जेवण झाल्यावर तिने खुणेने गुळाचा खडा मागितला. हातात घेऊन उलटसुलट बघितला, दाताने मधोमध तोडला आणि अर्धा खाल्ला. उरलेला मी तिच्या उशाशी ठेवू लागले, तर मान हलवून तुमच्या पत्रावर बोट ठेवलं. पुन्हा पुन्हा ठेवलं, मला कळेपर्यंत.

तो अर्धा खडा या कागदात गुंडाळून हरिओमकाकांच्या हाती पाठवते आहे. मुंग्या लागायच्या आत खा.

आम्हा दोघींवर लोभ राहू द्या.

तुमची
अर्पिता