उठला की उडी

३ जून

समोरच्याचा मार अडवायचा कधी आणि उलट मारायचं कधी, हे कळतं कसं? आज माझ्या मारामारीच्या व्हिडिओ गेमच्या वर्गात शिकायला येणाऱ्या नर्सबाईंनी विचारलं. माझ्या हाताला कळतं, तोंडाला सांगता येत नाही.

मागे चॅम्पियन बसला होता. गेम पार्लरमध्ये सगळे त्याला हेच म्हणतात. "मास्तरीणबाईंची दांडी गुल!" म्हणत त्याने नर्सबाईंच्या हातातून कंट्रोलर घेतला आणि मला सलग सात वेळा हरवलं. माझ्या चार नवशिक्यांसमोर. जाताना वर — "पदवी फ्रेम करून लावा. भिंत तरी झाकेल."

हे मी विसरणार नाही.

४ जून

घरातली पहिली पदवी माझी. बाबा लिफ्टमन. म्हणाले, "तू बटणं दाबू नयेस म्हणून मी जन्मभर दाबली. आणि तू शिकूनसवरून बटणं दाबायलाच शिकवतेस!"

ते हसले. मी नाही. मला खरंच वाटतं, मारामारीचा गेम नीट शिकलेला माणूस एरवीही कमी घाबरतो. हे बाबांना सांगायचं राहिलं. डोक्यात त्या चॅम्पियनचं तोंड होतं.

९ जून

तीन दुपारी कोपऱ्यात बसून त्याचा खेळ पाहिला. सापडलं! त्याचा गडी आडवा पडला की उठताना उडी मारतो. चव्वेचाळीस वेळा पडला, एक्केचाळीस वेळा उडी. आणि हवेत असताना मार अडवता येत नाही.

१० जून

अंतर राखणं, खाली बसून अडवणं — सगळे धडे बंद. एकच धडा. समोरचा पडला की थांबा, उडाला की खालून ठोसा. दोनशे वेळा.

"आणि नाही मारली उडी तर?" नर्सबाई.

"मारतोच तो."

२१ जून

नर्सबाईंनी चॅम्पियनला हरवलं. तीनदा. ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या.

"कंट्रोलर खराब आहे," तो म्हणाला.

"दाखव बघू बाळा, नाडी लागतेय का."

अख्खं पार्लर हसलं. मीही, हजेरीच्या वहीत तोंड खुपसून.

२३ जून

वर्गात एक शिंपीणबाई नव्याने आल्या. पहिलाच दिवस. उड्याबिड्या काही नाहीत, खाली बसून नुसत्या लाथा. नर्सबाई ठोसा मारायला उडीची वाट बघत राहिल्या आणि हरल्या. मग बाकीची तिघंही.

"ताई, ह्या उडीच मारेनात. आता काय करू?"

खेळ मी शिकवलाच नव्हता. एका माणसाला पाडायला शिकवलं होतं.

संध्याकाळी चॅम्पियन जिन्यात थांबला होता. मान खाली. "माझं काय चुकतंय, सांगाल?"

"बघते," म्हटलं.

पायऱ्या उतरताना बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, पण फार बरं वाटलं. चूक सांगितलीच नाही, तर हवे तितके दिवस त्याला असं हरत ठेवता येईल.

२५ जून

त्याच्याकडून वर्गाचा फॉर्म भरून घेतला. 'अनुभव' या रकान्यात मी माझ्या हाताने लिहिलं — नवशिका. त्याने वाचलं, सही केली. मग चूक सांगितली, सगळ्यांसमोर. आणि शिंपीणबाईंच्या शेजारी बसवला — पहिल्या धड्याला: अंतर राखणं.