अडतीस तासांची बचत

चि. जावईबापूंना,

तुमच्या सासऱ्यांकडून पोटभर आशीर्वाद. साइटवरच्या धुळीनं तुम्हाला धरलेला खोकला गेला का, ते आधी कळवावं. छोटीला सांगावं की आईची कंबर आता ठीक आहे, आणि माझी तब्येत तर गेल्या नऊ दिवसांत दहा वर्षांनी तरुण झाली आहे. हे पत्र हातानं लिहून, त्याचे फोटो काढून हिच्या फोनवरून पाठवतो आहे. फोनच का केला नाही, असं मनात येईल. फोनवर तुम्ही मध्येच प्रश्न विचारता, आणि मला हे सगळं पहिल्यापासून सांगायचं आहे.

तर बातमी अशी की तुमचं गणित संपलं! तुमच्या साइटवर वीज टिकत नाही म्हणून आमच्या पुढच्या खोलीत ठेवलेल्या कॉम्प्युटरनं पुलाचं सगळं गणित आज अठरा तारखेला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी उरकलं. तुम्ही वीस तारखेची सकाळ सांगितली होती. म्हणजे अडतीस तास आधी! तीस तारखेला तुम्हाला साहेबांपुढे अहवाल ठेवायचा आहे आणि त्यावर तुमची नोकरी कायम व्हायची आहे, हे मी क्षणभरही विसरलो नव्हतो. आणि 'गणित संपलं की मशीन न्यायला येऊ, चार दिवस राहू,' हे छोटीचं वाक्यही विसरलो नव्हतो.

आता हे कसं झालं ते ऐका. जाताना तुम्ही मला एकच काम सांगितलंत, 'मशीनकडे फक्त लक्ष ठेवा.' जावईबापू, ज्या माणसानं छत्तीस वर्षं बॉयलर सांभाळला त्याला लक्ष ठेवायला सांगणं म्हणजे काय, याचा तुम्ही विचार करायला हवा होता. मी पहिल्याच दिवशी वही घातली. दर तासाला तापमान, व्होल्टेज, वेग आणि शेरा. (शेऱ्याच्या रकान्यात पहिले नऊ दिवस 'ठीक' हा एकच शब्द आहे. हिनं विचारलं, इतकं ठीक आहे तर झोप का घेत नाही.) प्रोसेसर बिचारा अठ्ठावन्न अंशांवर, एक पॉइंट अठरा व्होल्टवर, ४.२ गिगाहर्ट्झ वेगानं संथ चालला होता. अंगात ताकद असून काम रेंगाळतंय हे मला बघवेना. आमच्या बॉयलरला काट्यामागे लाल रेघ असायची. चांगला कामगार रेघ ओलांडत नाही, पण रेघेपासून मैलभर लांबही राहत नाही. दहा तारखेला माझे हात शिवशिवायला लागले.

मी काही आंधळेपणानं उडी मारली नाही. कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याला (सगळे त्याला स्क्रू म्हणतात, हाकही तशीच मारतात) घरी बोलावून चहा पाजला आणि लाल रेघ कुठे ते विचारलं. तो म्हणाला, इतके दिवस सलग काम आहे तर ऐंशीच्या आत ठेवा. शंभराच्या आसपास गेलं तर मशीन जीव वाचवायला आपणच हळू होतं. व्होल्टेज मात्र जपून. एक पॉइंट तीनच्या पुढे जाऊ नका, एक पॉइंट चारचं तर नावच काढू नका. उष्णता काट्यावर दिसते, पण जास्तीचं व्होल्टेज काही न बोलता आतून झिजवत राहतं. मी हे सगळं वहीत उतरवून घेतलं. उतरवत असतानाच तो आणखी एक वाक्य बोलला: "काका, मशीन चालू आहे म्हणजे उत्तर बरोबर आहे असं नसतं." हे वाक्य मी लिहिलं नाही, कारण मला ते पटलं नाही. आमचा बॉयलर वाफ देई किंवा बंद पडे. चालू राहून खोटं बोलल्याचं उदाहरण छत्तीस वर्षांत एकही नाही.

मग काय विचारता! ४.४ केलं, काही झालं नाही. ४.६ केलं, पंखा थोडा कण्हला. बाजूचं झाकण काढलं, आतली धूळ रंगाच्या ब्रशनं झटकली आणि टेबलफॅन समोर लावला (हिच्या अंगावरचा वारा काढून, त्यामुळे त्या दिवशी मला भाजी बेचव मिळाली). ४.९ ला कॉम्प्युटरचा पडदा निळा झाला आणि मशीन बंद पडलं. पण तुमचं गणित दर तासाला आपण होऊन साठवलं जातं, म्हणून तासाभराचंच नुकसान. मी ओळखलं, वेग वाढवला आणि खुराक वाढवला नाही. व्होल्टेज एक पॉइंट तीन केलं. मग ५.० ला एक पॉइंट तीन तीन. (तीनच्या पुढे ते जरासंच पुढे आहे.) शेवटी ५.१, एक पॉइंट तीन सात, तापमान ब्याऐंशी. दोन्ही खिडक्या उघड्या, खोलीत मी आणि मशीन, दोघंही घामेघूम. मी वहीत शेरा लिहिला, 'झकास'. निवृत्तीनंतर इतका आनंद मला कशानंच झाला नव्हता. आजपर्यंत एकदाही पडदा पुन्हा निळा झाला नाही. म्हणजे अडतीस तास वाचले. अडतीस तास म्हणजे छोटीच्या हातचे निदान सहा चहा आणि तिच्याशी दोन कडाक्याची भांडणं. आजच निघा. हिनं तुमची खोली झाडून ठेवली आहे.

तुमचा कार्यतत्पर,
सासरा

ता. क. उत्तराची फाइल आत्ताच उघडली. त्यात लिहिलं आहे की पुलावर भरलेले बारा ट्रक उभे केले की पूल मधोमध अकरा मीटर वर जातो. तुमची रचनाच तशी असेल तर मी मध्ये बोलत नाही. पण माझ्या अनुभवात वजन ठेवलं की वस्तू खाली जाते.

ता. क. २. स्क्रू येऊन गेला. त्याचं वाक्य आता लिहून घेतलं आहे. वेग पेलला नाही की कधी मशीन बंद पडतं आणि कधी मुकाट्यानं चुकीची बेरीज करत पुढे जातं. चूक कधी शिरली ते सांगता येत नाही, म्हणून माझ्या हातचा एकही तास धरता येत नाही. जावईबापू, तुमची नोकरी मी टेबलफॅन लावून उडवली असं मला वाटलं. तेवढ्यात तुमच्या सासूबाईंनी तांदळाच्या डब्यामागून एक पेन ड्राइव्ह काढला. तुम्हाला ठाऊकच आहे, तिची सगळी नोकरी कोर्टाच्या नक्कल विभागात झाली. मूळ कागदाला कुणी हात लावण्याआधी नक्कल काढायची, हा तिचा नियम. दहा तारखेला मी स्क्रूसाठी चहाला आधण ठेवायला गेलो तेवढ्यात तिनं तुमच्या साठवलेल्या गणिताची नक्कल करून घेतली होती. मी म्हटलं, तुझा माझ्यावर विश्वास नव्हता? ती म्हणाली, "एक्केचाळीस वर्षांचा आहे. म्हणून तर काढली." सगळं मूळच्या आकड्यांवर आणून आज संध्याकाळी दहा तारखेच्या त्या नकलेपासून गणित पुन्हा सुरू केलं आहे. अठ्ठावीसला संपेल. तीस तारीख सुखरूप आहे.

ता. क. ३. माऊस आणि कीबोर्ड तिनं कपाटात कुलूपबंद केले आहेत. मी तक्रार करत नाही. मला आता फक्त एवढंच कळतंय की गणित अठ्ठावीसला संपलं तर तुम्ही अठ्ठावीसला याल आणि अहवालासाठी एकोणतीसला पळाल, आणि चार दिवसांची एक रात्र होईल. ती माझ्यामुळे. अडतीस तासांच्या लोभात मी तीन दिवस घालवले, याचं मला फार वाईट वाटतंय. ही तुमच्या खोलीत जाऊन चादर काढून परत घडी घालून आली. म्हणून मूळ विनंती ही की गणिताची वाट बघू नका. ठरल्याप्रमाणे वीसलाच या. अकरा मीटरचं तुम्ही साहेबांना सांगू नका, मी छोटीला सांगत नाही.