वीज गेली नव्हती

४ नोव्हें., मंगळ.
उसन्या, म्हणजे उकड्या तांदळाची मिल. वाफेच्या टाकीवरचा मी बनवलेला कंट्रोल बोर्ड चालत्यात रीसेट झाला, वाफेचा व्हॉल्व्ह उघडला. ऑपरेटर फागूभाऊचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. बोर्डातली नोंद: ‘वीज गेली’. मिलची लाईट तर सुरूच होती. म्हणजे कोणीतरी बोर्डाचं बटण बंद-चालू केलं. इथली सवयच ती, काही अटकलं की आधी बटण. फागूभाऊ कण्हत म्हणे, "म्या हात नाही लावला भाऊ. काऊन खोटं बोलू?" मी ‘ऑपरेटरची चूक’ अशा रिपोर्टवर सही केली.

५, बुध.
मिलच्या शेठनं फागूभाऊला कामावरून काढलं. "मशीन झूठ नहीं बोलती." रिपोर्ट माझाच.

७, शुक्र.
पुन्हा रीसेट. नशीब, टाकीपाशी कोणी नव्हतं. मी समोर उभा. बटणाला कोणी शिवलंसुद्धा नाही. नोंद: ‘वीज गेली’.

८, शनि.
माझ्या दुकानात, तसाच दुसरा बोर्ड. प्रोग्राम मुद्दाम अडकवला, सप्लाय सुरू ठेवून. वॉचडॉगनं, म्हणजे अडकलेला प्रोग्राम पुन्हा सुरू करणाऱ्या चिपमधल्या पहारेकऱ्यानं, रीसेट केला, बरोबर. नोंद? ‘वीज गेली’. अरे देवा.
चिपमध्ये रीसेटच्या प्रत्येक कारणाची वेगळी खूण. विजेची खूण बोर्ड सुरू केला की लागते, आपण पुसेपर्यंत तशीच राहते. मी पुसलीच नाही. वर माझा प्रोग्राम तीच आधी तपासतो. हा बोर्ड दुसरं काही सांगूच शकत नव्हता. गाढव आहे मी.

१०, सोम.
खूण वाचून पुसणारा प्रोग्राम मिलमध्ये टाकला. दुपारी रीसेट. नोंद: ‘प्रोग्राम अटकला’. माझा प्रोग्राम. तापमानाच्या सेन्सरनं उत्तर दिलं नाही की वाट पाहत बसतो. आणि उठल्या उठल्या व्हॉल्व्ह उघडतो, तेही माझंच.
शेठला सांगितलं, फागूभाऊची चूक नव्हती. "ठीक कर दो, बस. उसको क्या बताना!"
दोन्ही ठीक केलं. नवा रिपोर्टही लिहिला.

१२, बुध.
दरेकसा, फागूभाऊचं गाव. तो अंगणात, हात पट्टीत. बायको घास भरवत होती. मी तोंड उघडायच्या आधी तोच, "लय इचार केला भाऊ. मशीनच म्हणते त लावला असन म्याच हात. ध्यानात नसन."
नवा रिपोर्ट पुढं केला. डाव्या हातानं घेतला, परत दिला. "तुमीच वाचा."
तारीख वाचली. मग कागदाची घडी घातली. तेवढ्यात चहा आला.
निघताना म्हणाला, "शेठले सांगजा, फागू माफी मागून राहिला."
मी हो म्हणालो. रिपोर्ट खिशातच आहे.