नव्या झारचं नाव

बाबा,

पाद्र्यांच्या शाळेतून पळालेल्या तेरेंतीचा वाकून नमस्कार.

मी व्होल्गाकाठी आहे. इथले मासे असे की... ते राहू दे. झार निकोलाय गेले, हे कळलं असेलच. काल इथल्या चर्चमध्ये नवे झार अलेक्सांद्र यांच्या नावानं निष्ठेची शपथ झाली. फौजदार पुढेच उभे होते. इथले डीकन पाफ्नूती तुमच्यासारखेच, पाद्र्यांच्या हाताखाली प्रार्थना गाणारे, आणि तुमच्याच वयाचे. त्यांनी छाती भरून झारसाठी दीर्घायुष्य मागितलं, पण तीस वर्षांच्या सवयीनं नाव घेतलं निकोलायचंच. सगळं चर्च गार पडलं. फौजदारांनी मान वळवली. म्हाताऱ्याची नोकरी गेल्यातच जमा होती.

मी जेवणाच्या आशेनं गायकांत घुसलो होतो. कसं सुचलं कोण जाणे, मी मृतांसाठीचं 'चिरंतन स्मृती' हे गीत सुरू केलं, जणू ते नाव गेलेल्या झारांच्या आठवणीसाठीच घेतलं होतं. बाकीच्यांनी सूर धरला. फौजदारांनीही छातीवर क्रूसाची खूण करून डोळे पुसले.

नंतर पाफ्नूतींनी मला गाठलं. “कुणाचं रे कार्टं तू? शिकलेलं दिसतंस.”

“अर्धवट. डीकन येवलाम्पींचा मुलगा.” तीन वर्षांत तुमचं नाव पहिल्यांदाच सांगितलं.

“मग इथं काय करतोस? तिकडे त्याची जीभ घसरली तर कोण सावरणार?”

बाबा, आपल्या आडगावी शपथ अजून व्हायची असेल. हे पत्र टपालात टाकत नाही, त्याआधी मीच पोचेन. गायकांत उभा राहीन. मला रागवायचं ते प्रार्थना संपल्यावर रागवा.

वाटेला लागलेला,
तेरेंती